तुम्ही विचारलंत म्हणून: हे झिजलेलं रोमन नाणं कोणाचं?

हा प्रश्न बहुतेकदा चेहऱ्याच्या फोटोसोबत येतो. चेहरा मात्र फारसा उपयोगी नाही. चौथ्या शतकातल्या कांस्य नाण्यांवर सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचे मुलगे एकाच साच्यातले दिसतात. आधी नाणं उलटवा. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून नाणं हळूहळू फिरवा; समोरच्या उजेडात न दिसणारी अक्षरं सावलीत उठतात.

मागे दोन शिपाई दिसले तर त्यांच्यामधली सैन्याची निशाणं (उभे ध्वजदंड) मोजा. दोन असतील तर नाणं साधारण 330 ते 335 मधलं, वजन सुमारे 2.5 ग्रॅम. एकच असेल तर त्यानंतरचं, आकाराने लहान आणि जेमतेम 1.5 ग्रॅमचं. नाणं हलकं झालं तसं चित्रातलं एक निशाणही गेलं! लांडगीचं दूध पिणारी जुळी मुलं आणि वर दोन तारे असतील तर सम्राट शोधूच नका; त्या नाण्याच्या पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली, स्त्रीरूपातली रोम नगरी असते. भाल्याने घोडेस्वाराला पाडणारा सैनिक दिसला तर नाणं 348 नंतरचं.

नावात घोटाळा होतो तो कॉन्स्टंटाइन आणि त्याचे मुलगे कॉन्स्टंटियस व कॉन्स्टन्स यांच्यात. लॅटिनमध्ये पहिल्या दोघांत एवढाच फरक की एकात एक अक्षर जास्त आहे, आणि नेमकं तेच झिजलेलं असतं. मग बिरुद पाहा: ‘ऑग’ म्हणजे सम्राट, ‘नोब सी’ म्हणजे युवराज.

चित्राखालच्या रेषेखाली टांकसाळीची खूण असते. ‘टी आर’ म्हणजे आजच्या जर्मनीतलं ट्रियर, ‘एस आय एस’ म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. ‘एस एम’ हे मात्र शहर नव्हे. ‘राजटांकसाळीचं’ एवढाच त्याचा अर्थ, शहराची अक्षरं पुढे येतात.

आता नाणं साफ करण्याचं. तांब्याची भांडी घासतो तशी चिंच, लिंबू किंवा पितांबरी या नाण्यांना लावू नका. आम्लात वरचा कडक गडद थर विरघळतो, आणि अक्षरांची बारीक नक्षी त्याच थरात असते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी रोज बदला, मऊ झालेली माती लाकडी काडीने काढा. घाई केली की सैनिकाचा पाय मातीबरोबर निघून जातो.

फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ती माती नव्हे. धातूतलं क्लोराइड दमट हवेत नाणं आतून खातंय. असं नाणं बाजूला काढा, पूर्ण वाळवा, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डबीत ठेवा. मुंबई-कोकणात त्या पुड्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्या लागतात.