गाळल्यावरही रिअ‍ॅक्शन चालूच!

आमच्या लॅबमधल्या ज्युनियरने सिलिकावर बसवलेला व्हॅनेडियम ऑक्साइडचा कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) बनवला होता, आणि थायोअ‍ॅनिसोल या सल्फाइडचं सल्फॉक्साइड करायला, म्हणजे त्याच्या सल्फरला एक ऑक्सिजन जोडायला, तो तुफान चालत होता. ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, अ‍ॅसिटोनायट्राइल, ६० डिग्री, बस. गाळून धुऊन परत वापरला तरी कन्व्हर्जन, म्हणजे किती टक्के सल्फाइड बदललं तो आकडा, फारसं पडत नव्हतं, त्यामुळे सगळे खूश आणि पेपरची घाई. मी म्हटलं, आधी हॉट फिल्ट्रेशन करू, म्हणजे मधेच पावडर गाळून काढायची आणि बघायचं: रिअ‍ॅक्शन थांबली तर काम पावडरचं, चालूच राहिली तर द्रावात विरघळलेल्या धातूचं.

जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणात काय किती आहे ते पीकच्या आलेखात दाखवणारं यंत्र) साधारण अर्धं कन्व्हर्जन दिसलं तसं मिश्रण गरम असतानाच गाळलं. गरमच गाळायचं बरं का, थंड होऊ दिलं तर विरघळलेला धातू परत सिलिकावर जाऊन बसू शकतो आणि टेस्ट खोटीच पास होते. खाली आलेला द्राव एकदम नितळ, पावडरचा कण नाही. तो परत ६० डिग्रीला ठेवला आणि पुढच्या सॅम्पलला सल्फाइडचं पीक अजून खाली! कॅटॅलिस्ट नसला तरी पेरॉक्साइड सल्फाइडला हळूहळू ऑक्सिडाइझ करतंच, पण ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्टशिवायचा तोच प्रयोग, शेजारीच चालू होता आणि हा वेग त्याच्या कितीतरी पुढे. मग थोडा द्राव टेस्ट ट्यूबमध्ये घेतला, सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि पेरॉक्साइडचे थेंब टाकले, तर लालसर तपकिरी रंग. व्हॅनेडियमच तो.

"मग ताई, रिसायकल कसं काय होत होतं?" पोराचा चेहरा पडला होता, वाईट वाटलं. अहो, पेरॉक्साइड व्हॅनेडियमला जोडून पेरॉक्सो कॉम्प्लेक्स नावाचं संयुग करतं, ते विरघळतं, दर वेळी थोडंथोडं सुटतं आणि काम करायला तेवढं पुरतं, सिलिकावर अजून भरपूर शिल्लक असतं म्हणून पुढच्या खेपेलाही आकडा छान येतो. नुसत्या रिसायकलच्या टेबलवर विश्वास ठेवणारे पेपर मला म्हणूनच पटत नाहीत.

संध्याकाळी तोच प्रयोग टीएस-१ वर लावला, इटलीच्या स्नामप्रोजेट्टी कंपनीचं १९८३ सालचं पेटंट असलेलं टायटॅनियम सिलिकॅलाइट, म्हणजे टायटॅनियम असलेली सच्छिद्र, स्फटिकी सिलिका. गाळल्यावर द्राव फक्त ब्लँकच्या वेगाने सरकला! यात टायटॅनियमचे अणू सिलिकाच्या जाळीतच एकेकटे चार ऑक्सिजननी धरलेले असतात, आणि छिद्रं पाण्याला फारशी जवळ करत नाहीत, त्यामुळे पेरॉक्साइडसोबत येणारं पाणी त्यांना सहजी उपटू शकत नाही. अडचण एकच, छिद्रं जेमतेम साडेपाच अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), थायोअ‍ॅनिसोल शिरतं पण जाडजूड सल्फाइड बाहेरच राहतात, आणि आम्हाला नेमके तेच हवे होते. म्हणून आता मोठ्या छिद्रांच्या सिलिकात टायटॅनियम घालायचं ठरलंय, आणि पोराने पहिल्या बॅचपासूनच गरम गाळणी लावलीय.