रात्री सव्वादोनचा फोन

गुरुवार, सकाळी साडेदहा

नाइट करून आले, आंघोळ झाली, तरी झोप लागेना. म्हणून लिहायला बसले.

काल माझ्यासोबत नवी मुलगी होती. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडून दोन महिने झालेले. हात चांगला आहे तिचा, व्हेन पहिल्याच खेपेला मिळते. सव्वादोनला राउंड घेताना अकरा नंबरच्या न्यूमोनियाच्या आजींचा चार्ट पाहिला. संध्याकाळी बीपी १३० होतं, दोनला ९६. पल्स ११८, श्वास २८. चार तासांत युरीन ६० मिली. सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, आणि ती पुढच्या पेशंटकडे गेलेली.

“डॉक्टरांना कळवलंस?”

“सकाळी राउंडला सांगते ना सिस्टर. आत्ता उठवलं तर ओरडतील.”

पोटात गोळा आला. बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीत, मीही अशीच सकाळची वाट पाहत बसले होते. माझा पेशंट सहा वाजता आयसीयूत गेला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. तो बेड नंबर अजून विसरता येत नाही.

फोन मीच उचलणार होते, दोन मिनिटांचं काम. पण मग ती पुढच्या वेळीही थांबलीच असती. म्हणून ऑक्सिजन लावला, मी आजींपाशी थांबले आणि तिला म्हटलं, “कागद घे. कोण पेशंट, आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुला काय वाटतंय आणि तुला काय हवंय, एवढंच लिही.” ही पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, पुढे दवाखान्यांत आली. तिने लिहिलं, ‘पेशंटला बरं वाटत नाही.’ मी म्हटलं, आकडे घाल. शेवटच्या ओळीवर मात्र ती अडली. डॉक्टरांनी काय करावं हे नर्सने सांगायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

फोनवर तिचा आवाज कापत होता. पलीकडून बहुधा ‘सलाईन वाढवा, सकाळी बघतो’ असं आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी नुसती मान हलवली. “सर, चार तासांत साठच मिली युरीन आहे. मला काळजी वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा.”

दहा मिनिटांत ते आले. रक्त कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला गेलं, सलाईन भरभर सुरू झालं, अँटिबायोटिक बदललं. पाचला बीपी ११०, आणि पिशवीत पुन्हा युरीन दिसायला लागलं. तिने ती पिशवी तीनदा जाऊन पाहिली.

या मुलींना आपण एक दिवस ओरिएंटेशन देतो. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, आग विझवायचं नळकांडं, हजेरीचा अंगठा. दुसऱ्या दिवसापासून त्या रोस्टरमध्ये पूर्ण मोजल्या जातात. मला हे पटत नाही, आणि मीटिंगमध्ये मी ते बोलले आहे: पहिले सहा आठवडे त्यांना मोजू नका, एका ठरावीक सीनियरच्या हाताखाली ठेवा. माणसं कमी आहेत, हे उत्तर मलाही माहीत आहे. पण घाबरून सोडून गेलेली मुलगीही शेवटी कमीच होते ना.

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंट सोपवताना, अकरा नंबरचं सगळं तिलाच बोलायला लावलं. लिफ्टपाशी तिने विचारलं, “सिस्टर, ते आलेच नसते तर?”

“तर त्यांच्या सीनियरना फोन. तोही तूच केला असतास, मी शेजारी उभी असते.”

आज रात्री तिला इन्सुलिनच्या दोन सिरिंज दाखवायच्या आहेत, लाल टोपणाची चाळीसची, म्हणजे मिलीला चाळीस युनिटच्या इन्सुलिनची, आणि केशरी टोपणाची शंभरची, मिलीला शंभर युनिटच्या इन्सुलिनची. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलं तर दहाच्या रेघेवर पंचवीस युनिट जातात. हे तिने स्वतः पाण्याने भरून पाहायला हवं. दोन रिकाम्या व्हायल पर्समध्ये टाकल्या आहेत.