चोडण बेटावर खारट पाने पाहायला जाताना

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात वाढणारे ‘ॲट्रिप्लेक्स नुम्युलॅरिया’ हे राखाडी झुडूप राजगिऱ्याच्या कुळातले. त्याच्या पानांवर फुग्यासारख्या पेशींचे सूक्ष्म केस असतात. मुळांतून वर आलेले जादा मीठ त्या पेशींत साठते, कालांतराने त्या फुटतात किंवा सुकतात आणि पानावर ऊन परतवणारा पांढुरका थर उरतो. नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झुडपांवर येतात. हे झुडूप गोव्यात नाही. परंतु खाऱ्या जमिनीत जगण्याच्या इतर युक्त्या पाहायच्या असतील, तर चोडण बेटावरील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य ही सोयीची जागा आहे.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की धक्क्याजवळूनच अभयारण्याची वाट लागते. बहुतेक लोक येथे पक्ष्यांसाठी येतात आणि पायाजवळच्या पानांकडे पाहतही नाहीत. येथील खारफुटीच्या झाडांपैकी तिवराचे पान उन्हात तिरपे धरून पाहिले असता मिठाचे कण चमकतात. येथे फुगा फुटत नाही, तर ग्रंथी खारे पाणी थेट बाहेर टाकतात आणि ते वाळून कण उरतात. काटेरी पानांची मारांडीही हेच करते. कांदळ या खारफुटीच्या दुसऱ्या झाडाच्या पानांवर मात्र असे कण शोधू नयेत, कारण तो बहुतांश मीठ मुळांपाशीच अडवतो. मला सर्वांत रोचक वाटला तो गेवा, हेही खारफुटीतलेच झाड: ॲट्रिप्लेक्सप्रमाणे त्याच्यातही नर व मादी झाडे वेगळी असतात.

पावसाने पानांवरचे मीठ धुऊन जाते, म्हणून जानेवारी ते मे हा काळ निवडावा. मारांडीची निळसर-जांभळी फुले उन्हाळ्यात दिसतात, ती एक जादा जमेची बाजू. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी: चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळे ओहोटीलाच नीट दिसतात, तर होडीने आत जायचे असल्यास भरती हवी. दहापट मोठे दाखवणारे भिंग, न घसरणारी पादत्राणे आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे. अभयारण्यात पाने तोडू नयेत. चव पाहायचीच असेल, तर झाडावरच्याच पानावरून ओले बोट फिरवावे, मात्र झाड तिवराचेच असल्याची आधी खात्री करावी. गेव्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे मोडलेल्या फांद्यांपासून, विशेषतः मुलांना, दूरच ठेवावे.