दोन जावा, एकच पुडी

दोन जावा एकाच दिवशी रिपोर्ट घेऊन आल्या आणि माझ्या दवाखान्यात वाद सुरू झाला. वाद जावांचा नव्हता. थोरलीचा नवरा आणि सासू एका बाजूला, थोरली एकटी दुसऱ्या बाजूला. "हिनं पुड्या घेतल्याच न्हाईत म्याडम. धाकलीला गुण आला, मग हिलाच का येत न्हाई?" नवरा चांगलाच तापला होता.

थोरलीने हातातली गाठ मारलेली पिशवी सोडली आणि टेबलावर उपडी केली. ड जीवनसत्त्वाच्या रिकाम्या पुड्या, आठच्या आठ. प्रत्येक पुडीवर बॉलपेनने रविवारची तारीख, लेकीच्या वळणदार अक्षरात. एका पुडीच्या कडेला साय वाळून चिकटली होती.

"मोजून घ्या," एवढंच ती म्हणाली.

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी प्रॅक्टिस करते. या दोघी दोन महिन्यांपूर्वी आल्या तेव्हा तक्रार एकच होती: कंबर आणि मांड्या ठणकतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. तपासण्या केल्या. ड जीवनसत्त्व धाकटीचं ११, थोरलीचं ९ नॅनोग्रॅम. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. दोघींना तीच चिठ्ठी दिली, ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, रात्रीच्या जेवणानंतर दुधातून. घर एक, रान एक, चूल एक. फरक एवढाच की धाकटीचं वजन ४७ किलो आणि थोरलीचं ८४, उंची मात्र जवळपास सारखी.

आठ आठवड्यांनी धाकटी ३६ वर गेली होती. थोरली १९ वर अडकली होती.

मी धाकटीला विचारलं, "दोघी बरोबरच घ्यायचात का?"

"व्हय, रविवारी रातच्याला, एकाच पातेल्यातलं दूध. मी सोत्ता बगितलंय तिला पिताना."

सासूबाई गप्प झाल्या. तरीही मी एकेक शंका फेडून घेतली. जुलाब नाहीत, फिटची गोळी चालू नाही, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या आधीच नीट आलेल्या. म्हणजे औषध पोटात गेलं होतं, रक्तात उतरलंही होतं. पण ते पसरलं होतं.

ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. ते यकृतात जाऊन त्याचं जे रूप होतं, तेच आपण रक्तात मोजतो. अंगावर चरबी जास्त असेल तर तीच मात्रा मोठ्या जागेत विखुरते, रक्तातला आकडा कमी दिसतो, आणि चरबीत शिरलेला साठा सहजासहजी परत बाहेर येत नाही. २००० साली बोस्टनच्या मायकेल होलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ आणि सडसडीत माणसांना सारखेच अतिनील किरण दिले. त्वचेतला कच्चा माल दोन्ही गटांत सारखा होता, पण लठ्ठ गटाच्या रक्तात ड जीवनसत्त्वाची वाढ ५७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे उन्हातून मिळालेल्या जीवनसत्त्वाचीही तीच गत होते.

हे मी सोपं करून सांगत होते तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "म्हंजी घरच्या कालवणातलं मूठभर मीठ गावजेवणाच्या डेगीत टाकल्यावानी." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. जाड बाईने औषध घेतलं नाही, पथ्य मोडलं, ती आळशी आहे, हे लोक किती चटकन गृहीत धरतात! घरचेच नाहीत, डॉक्टरही धरतात. त्या बाईने आठवडेच्या आठवडे कागद जपून ठेवले होते, कारण आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि नवऱ्याला मी ते तिथेच बोलून दाखवलं.

मग थोरलीने विचारलं, "ही कमी भरून निघाली की वजन उतरंल का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. मी तिला सरळ नाही म्हणून सांगितलं. २०१३ मध्ये सुमारे ४२ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून हेच तपासलं गेलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एका अंकाने वाढला की ड जीवनसत्त्व सुमारे १.१५ टक्क्यांनी घटतं. उलट, ड जीवनसत्त्व कमी म्हणून वजन वाढतं, याला त्यात आधार मिळाला नाही. पुडी हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. वजनाचं काम वेगळं करावं लागतं.

"मग मी बारीक, मला काळजी न्हाई," धाकटी म्हणाली. तिलाही थांबवावं लागलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. आपल्याकडे किडकिडीत दिसणाऱ्याच्याही पोटात चरबी लपलेली असते, म्हणून मी काट्याबरोबर कमरेला टेपही लावते. शिवाय धाकटीही मुळात ११ वरच होती. रानात दिवसभर ऊन, पण साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल. उघडे राहतात डोळे आणि बोटं. मग उन्हाचा उपयोग तो किती होणार!

एंडोक्राइन सोसायटी या अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये लठ्ठ रुग्णांना दुप्पट ते तिप्पट मात्रा लागते असं म्हटलं होतं. तरी मी थोरलीला एकदम मोठा डोस दिला नाही. सहा लाख युनिटचं इंजेक्शन मारून मोकळं व्हायची पद्धत मला पटत नाही. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ होते, मूत्रपिंडाला इजा होते. आणखी आठ आठवडे तीच पुडी, मग कॅल्शियम आणि ड दोन्ही बघायचं ठरलं.

त्या तपासणीत ती ३१ वर आली, कॅल्शियम व्यवस्थित. आता उठताना हात टेकत नाही. गुडघे अजून दुखतात, वजन चार किलोने उतरलंय, अजून बरंच उतरायचंय. धाकटीला महिन्याला एक पुडी पुरते, थोरलीला पंधरवड्याला लागते. चिठ्ठीवर मी ते मराठीत, मोठ्या अक्षरात, कारणासकट लिहून दिलं आणि नवऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेतलं.