वर्धा रोडवर काटा का चढायचा

जामठ्याचं स्टेडियम मागे पडलं की गाडीच्या तापमानाचा काटा हलायला लागायचा. नागपूरच्या व्हेरायटी चौकातल्या सिग्नलला उभी राहूनही जी गाडी ९२ अंशांवर शांत असायची, तीच मोकळ्या वर्धा रोडवर ताशी ९० च्या वेगाने दहा मिनिटं चालली की ९८, १०१, १०४ अशी चढत जायची. वेग कमी केला की हळूहळू उतरायची. गर्दीत तापणाऱ्या आणि हायवेला लागल्यावर निवणाऱ्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ही नेमकी उलटी होती, आणि उत्तर त्या उलटेपणातच होतं. ते हाती यायला मला मार्च ते मे असे तीन महिने लागले.

गाडी माझदा आरएक्स-७, १९९० ची, जपानच्या रस्त्यांसाठी बनलेली, त्यामुळे स्टीअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. इंजिन १३बी टर्बो. पिस्टन नाहीत, ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर. माझ्याकडे येईपर्यंत तिच्यात बरेच बदल झाले होते: मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा), रेडिएटरच्या पुढ्यात मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा निववणारी जाळी), लॅपटॉपवरून सेटिंग बदलता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून त्याजागी इलेक्ट्रिक पंखा. इंजिन मी स्वतः मागच्या हिवाळ्यात उघडून नव्या सीलवर बांधलं होतं. म्हणून काटा चढला की पोटात गोळा यायचा.

या इंजिनाला तापणं का सोसत नाही, ते सांगतो. पिस्टनच्या इंजिनात ज्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं, त्याच सिलिंडरमध्ये पुढच्या फेरीला गार मिश्रण येतं. रोटरीत, म्हणजे या रोटरच्या इंजिनात, तसं नाही. एका बाजूने मिश्रण आत येतं आणि दुसऱ्या बाजूला, स्पार्क प्लगपाशी, ते जळतं, आणि कायम तिथेच जळतं. हाउसिंगची, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाची, एक बाजू सतत भाजत असते, दुसरी त्या मानाने गार. शिवाय बांधणी थरांची. बिडाची प्लेट, ॲल्युमिनियमचं हाउसिंग, पुन्हा बीड, पुन्हा ॲल्युमिनियम, शेवटी बीड. हे पाच थर लांब बोल्टांनी आवळलेले, आणि मध्ये पाणी अडवायला रबरी रिंगा. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. गाडी एकदा जोरात तापली की रिंगा चेपल्या जातात आणि पाणी जळण्याच्या जागेत शिरतं. इथे हेड गॅस्केट बदलून भागत नाही, कारण हेडच नसतं. अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं.

म्हणून पहिली तपासणी त्या रिंगांचीच केली. गार इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला, कॅपवर लिहिलेला ०.९ बारचा दाब दिला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी टेस्टरचा काटा होता तिथेच. मग चारही प्लग काढले, इंधन आणि स्पार्क बंद करून इंजिन सेल्फवर फिरवलं आणि प्लगच्या भोकांसमोर पांढरा कागद धरला. तेलाचे बारीक ठिपके उडाले, पाणी नाही. त्यानंतर गाडी चालू करून रेडिएटरच्या तोंडावर ते निळं रसायन धरलं, जे जळलेला वायू पाण्यात येत असेल तर पिवळं पडतं. दहा मिनिटं निळंच राहिलं. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

आता प्रश्न असा की काटा सांगतो ते तरी खरं का? मी काटा म्हणतो, पण डॅशबोर्डवर वेगळं डिजिटल मीटर बसवलेलं होतं. रात्री हेडलाइट लावले की त्यातला आकडा फटकन दोनने बदलायचा. इंजिनातलं पाणी एका क्षणात दोन अंश कमी-जास्त होत नाही. म्हणजे गडबड वायरिंगची होती. सेन्सर काढला तर त्याच्या आट्यांवर गळती थांबवायला टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे. एकाच वायरचा सेन्सर, त्याचं अर्थिंग इंजिनाच्या धातूतूनच व्हायचं, आणि टेप नेमकी तिथेच आड येत होती. अशा सेन्सरच्या वाटेत जादा रेझिस्टन्स आला की मीटर खरं तापमान कमी दाखवतं. स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात सेन्सर धरून थेट अर्थिंगची वायर जोडली. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९९ अंशांना उकळतं, आणि मीटरनेही ९९ दाखवलं. टेप काढून सेन्सर परत बसवल्यावर कळलं की मीटर आजवर सहा अंश कमी सांगत होतं. माझे १०४ म्हणजे खरे ११० होते. हे कळल्यावर मी गाडी दोन आठवडे गेटबाहेर काढली नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटा, खूप कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. मला तिथे सरळ वीस अंशांचा फरक दिसला.

मधली किरकोळ कामं झाली. नवी कॅप. नाक जॅकवर उचलून, हीटर पूर्ण उघडून सिस्टिममधली हवा काढणं (भर एप्रिलात हीटर लावून बसलो, पण हे टाळता येत नाही). ठिणगी वेळेवर पडते का ते टायमिंग लाइटने पाहिलं, ते बरोबर होतं. कूलंट बदललं. नागपुरात पाणी गोठण्याची भीती नाही, आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा साधं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर ठेवलं. बोअरचं पाणी मात्र चुकूनही घालू नका, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. या सगळ्याने फरक पडला नाही.

फरक पडला तो दोन प्रोब लावल्यावर. रेडिएटरच्या वरच्या पाइपच्या तोंडाशी एक आणि खालच्या तोंडाशी एक, असे दोन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, धातूला चिकटवले आणि वारा लागू नये म्हणून वरून फोम गुंडाळला. माझी बहीण वही घेऊन बाजूला बसली. बाहेर ३८ अंश. खापरी सोडल्यावर ९० चा वेग धरला.

“दादा, वरचा १०९. खालचा ७४.”

मी तिला दोनदा विचारलं. पस्तीस अंशांचा फरक! रेडिएटर तर भन्नाट काम करत होता, आत येणारं पाणी पार निववून खाली सोडत होता. पण इतकं निवायचं तर पाणी आत रेंगाळायला हवं. रेडिएटरमधून पुरेसं पाणी वाहत असेल तर फरक पाच-दहा अंशांचा असतो. फरक मोठा असेल तर पाणी कमी वाहतंय. फरक लहान असूनही आकडे वर चढत असतील तर हवा कमी पडतेय. एवढं एक वाक्य मला मार्चमध्ये माहीत असतं तर कॅप आणि कूलंटवर महिना गेला नसता.

पाणी कुठे अडतं? पंप नवा होता, होज पाइप चिपत नव्हता. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात गरम पाण्यात टांगला. तो ८२ ला उघडत होता, वेळेवर, पूर्ण. तरी त्याच्याकडे बघत बसलो, कारण जुन्या फोटोतला थर्मोस्टॅट मला वेगळा वाटत होता. त्याच्या खालच्या टोकाला एक चकती होती. माझ्या हातातल्याला ती नव्हती.

त्या चकतीचं काम असं. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे न जाता एका बायपासच्या वाटेने पंपाकडे परत येतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा ती चकती खाली जाऊन बायपासचं भोक बंद करते, आणि मग सगळं पाणी रेडिएटरमधून जातं. माझ्याकडच्यात, मापाला बसतो म्हणून कुणीतरी बसवलेल्यात, चकतीच नव्हती. त्यामुळे गरम पाण्याचा मोठा भाग कायम आतल्या आत फिरत होता. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅटच काढून टाकायची पद्धत आहे. या इंजिनात ते केलं तर बायपास सताड उघडा राहतो आणि गाडी जास्तच तापते.

मूळ प्रकारचा थर्मोस्टॅट जपानहून यायला तीन आठवडे लागले. तोवर मे उजाडला. बाहेर ४२. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग, बहीण वहीसह. वरचा १०५, खालचा ९८. फरक सातवर आला, पाणी वाहायला लागलं. पण दोन्ही आकडे पंधरा मिनिटांनंतरही चढतच होते. आता हवा.

हवेचं मला शिकवलं ते गोळीबार चौकाजवळच्या, कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्या एका काकांनी. पंख्याभोवती श्राउड, म्हणजे हवेला वाट देणारं आवरण, नव्हतं, ते पत्र्याचं करून घ्यायला मी गाडी तशीच त्यांच्या दुकानासमोर नेली होती. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, पुढून पाहिलं, खाली वाकून पोटाखालून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, हवा सोप्या वाटेनं पळते. इंटरकूलर अन् रेडिएटरच्या मंधात येवढी फट ठेवली, खालून तं सारं उघडंच हाय. मंग ते जाळीतून कायले जाईन?” मग स्वतःच्याच कूलरकडे बोट दाखवून म्हणाले, “दारं-खिडक्या लावून घेतल्या तं ह्या कूलरची हवा लागते का? हवेले निंगायले जागा लागते.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. गाडीच्या पोटाखालचा मूळ पत्रा केव्हाच कुणीतरी काढून टाकलेला. त्याचं काम नुसतं चिखल अडवायचं नाही. समोरून आलेली हवा खाली निसटू न देणं आणि खालून वेगाने जाणारी हवा रेडिएटरच्या मागे शिरू न देणं, ही त्याची दोन कामं. मागे दाब वाढला तर पुढची हवा जाळीतून जाणार कशी? सिग्नलला पंखा ओढत होता, आणि उभ्या इंजिनाची उष्णताही थोडी, म्हणून गावात भागत होतं. हायवेवर उष्णता वाढायची आणि वारा बाजूने निघून जायचा.

काकांवर माझा विश्वास बसला होता, तरी मला मोजायचं होतं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, तिचा यू आकार करून आलेखाच्या कागदासह फळीवर बसवला, आत शाई टाकलेलं पाणी. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. ९० च्या वेगाला वाऱ्याचा एकूण दाब पाण्याच्या साधारण ३५ मिलिमीटरइतका असतो. त्यातला काही इंटरकूलर खाणारच. पण माझ्या नळीत फरक आला फक्त ५ मिलिमीटर. पाणी हिंदकळत होतं म्हणून बहिणीने आठ वेळा वाचून सरासरी काढली. तरी पाचच.

काकांनी पाच दिवस काम केलं. बंपरच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून रेडिएटरपर्यंत चारही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बंद वाट, कडांना फोमच्या पट्ट्या. पोटाखाली दीड मिलिमीटरचा पत्रा, तेल बदलायला जागा सोडून. पंख्याभोवती पूर्ण रेडिएटर झाकणारं श्राउड. ते पूर्ण बंद केलं तर वेगात तेच हवा अडवेल, ही शंका मी काढली, तर त्यांनी श्राउडला चार खिडक्या कापून त्यांवर ट्रकच्या ट्यूबचे रबरी पडदे वरच्या कडेने लावले. पंखा ओढतो तेव्हा पडदे चिकटून बंद होतात, वेगात वारा त्यांना ढकलून उघडतो. ऑइल कूलर रेडिएटरच्या खालीच असतो, त्याच्या जाळीत किडे आणि माती गच्च बसली होती. तो हलक्या धारेने धुतला. रोटरीत तेल रोटरना आतून निववतं आणि इंजिनाची साधारण एक तृतीयांश उष्णता घेऊन जातं. पाण्याच्या नादात मी त्या कूलरकडे तोवर पाहिलंही नव्हतं. तेल ११८ पर्यंत जायचं.

शेवटच्या चाचणीला मी काकांनाच शेजारी बसवलं. दुपारचे अडीच, बाहेर ४४. नळीची फळी त्यांच्या मांडीवर. जामठा मागे पडलं. बहीण मागच्या अरुंद सीटवरून आकडे सांगत होती: वरचा ९४, खालचा ८६, तेल १०१. बुटीबोरी आली तरी ९४, ८६. काका आकडे ऐकत नव्हते. ते नळीतल्या निळ्या पाण्याकडे पाहत होते, एका बाजूला वर चढून थरथरत उभ्या राहिलेल्या. मी विचारलं किती आहे. त्यांनी कागदावरच्या रेघा बोटाने मोजल्या.

“सतरा,” ते म्हणाले. “थांबा, एकदा पुन्हा पाहतो.”

परत येताना एका मोकळ्या पट्ट्यात तिसऱ्या गिअरला टर्बो पूर्ण दाबावर नेला. पाणी ९८ ला गेलं आणि दीड मिनिटात ९४ ला परत आलं. काकांचं म्हणणं आहे की बॉनेटला मागच्या बाजूला जाळ्या कापल्या तर तेही चढणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण त्यांनी कागदावर माप काढून ठेवलं आहे.