तोरणमाळला जाताना टाकी शहाद्यातच भरा

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मामांना घेऊन तोरणमाळला, नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यावरच्या थंड हवेच्या ठिकाणी, जाऊन आलो. मामा शिरपूरकडचे. पस्तीस वर्षं विहिरी खोदण्यात गेली, त्यामुळे त्यांच्यासोबत डोंगरात जाणं म्हणजे दर वळणाला गाडी थांबवणं. लोक झाडं बघतात, पक्षी बघतात, हे रस्त्यासाठी कापलेल्या कड्याला हात लावून उभे!

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग घाट, असा साधारण 55 किलोमीटरचा रस्ता आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी नंदुरबार किंवा दोंडाईचाला उतरून शहादा गाठावं. शहाद्याहून एसटीही वर जाते, पण परतीची गाडी किती वाजता निघते ते स्टँडवरच विचारून घ्या. पेट्रोल, रोकड, औषधं, दुधाची पिशवी, सगळं शहाद्यातच. वर मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. घरी फोन करायचा तो राणीपूर सोडायच्या आधी.

सातपायरी घाटाला सकाळी लागा. आम्ही चहा-भजीत तासभर घालवला आणि घाटात ऊन डोक्यावर आलं. वळणं एकावर एक रचल्यासारखी आहेत, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच राहते. ज्यांना गाडी लागते त्यांनी शहाद्यात पोटभर शेवभाजी खाऊ नये. हे मी अनुभवाने सांगतोय.

घाटातच मामांनी पहिली गाडी थांबवली. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण आणि मधे हातभर जाडीचा लाल पट्टा. "भो, हाऊ गेरू शे. याना वर येक थर, याना खाले येक थर." इकडचा सातपुडा काय किंवा दख्खनचं पठार काय, हे लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेलं आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. एक थर थंड झाला, वरची कातळाची साय झिजून माती झाली आणि तिच्यावर पुढचा तापलेला थर येऊन पसरला, की ती माती विटेसारखी लाल होते. मी शाळेत भूगोल शिकलो होतो, पण मामांना हे पहारीने कळलं होतं. विहिरीत लाल माती लागली की पाण्याचा अंदाज बदलायचा, म्हणाले. धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब उभ्या भिंती वर आलेल्या दिसतात. त्याही लाव्हाच्याच, भेगांत शिरून थिजलेल्या. अशी भिंत आडवी आली की जमिनीतलं पाणी अडतं, म्हणून भिंतीच्या या बाजूची विहीर भरलेली आणि त्या बाजूची कोरडी. या भिंतीपायी मामांची दोन गिऱ्हाइकांशी भांडणंही झाली आहेत. ती कथा घाट संपेपर्यंत चालली.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरहून उंच आहे. वर पोहोचलं की सपाटी लागते आणि यशवंत तलाव एकदम समोर येतो. एवढ्या उंचीवर एवढं पाणी पाहून मामा गप्प झाले, हे प्रवासातलं मोठं आश्चर्य. तलावाच्या काठाने निवांत चाला. कमळ तलाव, गोरखनाथाचं मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुहा आणि खडकी पॉइंट एका दिवसात उरकणारे लोक भेटले. त्यांच्या वाट्याला फक्त गाडीचं दार उघडणं-लावणं आलं. एक रात्र राहा.

सीताखाईची दरी खोल आहे. कठड्याच्या बाहेर जाऊन फोटो काढू नका. धबधबा पावसाळ्यातला, आम्हाला ओघळ तेवढा दिसला. काठावर दारूच्या बाटल्या मात्र भरपूर.

राहायची सोय आधी पक्की करा आणि निघायच्या दिवशी पुन्हा फोन करा. आमची फोनवर ठरलेली खोली तिथे पोहोचेपर्यंत दुसऱ्याला दिलेली होती. शेवटी दुसरीकडे जमलं, पण पांघरूण एकच. मामांनी स्वेटर आणला नव्हता, "नोव्हेंबरमा कसानी थंडी" म्हणून. पहाटे चारला शेकोटीशी जाऊन बसले.

आसपास भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे आहेत. घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. कुडाच्या भिंती बघून कॅमेरा काढू नका, आधी विचारा. उन्हाळ्यात आलात तर मोहाची फुलं पहाटे वेचतात ते दिसेल, आणि अक्राणी भागात कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. तो आमचूर मिळाला तर थेट वाळवणाऱ्या बाईकडूनच घ्या, घासाघीस न करता. महाशिवरात्रीला यात्रा भरते. गर्दी चालत असेल तरच तेव्हा या.

उतरताना मामांनी त्याच वळणावर पुन्हा गाडी थांबवून रस्त्यावर पडलेलं एक लाल ढेकूळ रुमालात बांधलं. मामींनी ते पाण्यात कालवून तुळशीच्या ओट्याला लावून पाहिलं. रंग काही बसला नाही.