जाहिरातींमुळे रँकिंग पडतं ते नेमकं कुठे

गूगलला जाहिरातींचे पैसे मोजले की साइट सर्चमध्ये वर येते, हा समज काही केल्या जात नाही. अ‍ॅडसेन्स (आपल्या साइटवर जाहिराती दाखवण्याची गूगलची सेवा) लावलं की साइट खाली जाते, हा त्याचाच जुळा भाऊ. दोन्ही चूक. रँकिंगला धक्का बसतो तो जाहिरात पानावर कुठे बसते आणि कशी येते यामुळे.

पान उघडताच, स्क्रोल करण्याआधी, नुसत्या जाहिरातीच दिसत असतील तर अशी पानं गूगलने जानेवारी २०१२ पासून मागे टाकायला सुरुवात केली. जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर सर्चमधून आलेल्या माणसाच्या तोंडावर आदळणाऱ्या पॉपअपचीही तीच गत. वयाची खात्री किंवा कुकीची परवानगी मागणारे पडदे, कायद्याने लागत असतील तर, यातून सुटतात.

उशिरा लक्षात येणारी चूक मात्र वेगळीच : मजकुराची उडी. वाचक पहिली ओळ वाचत असतो, मागाहून जाहिरात येते, ओळ खाली सरकते आणि बोट भलतीकडेच पडतं. ही उडी गूगल सीएलएस (क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट) या आकड्यात मोजतं : स्क्रीनचा किती भाग हलला, गुणिले तो किती अंतर सरकला. ०.१ पर्यंत ठीक, ०.२५ च्या वर वाईट.

समजा मोबाइलची स्क्रीन ६४० पिक्सेल उंच आहे. शीर्षक १५० पिक्सेलवर संपतं, त्याखाली लगेच मजकूर. तिथे २५० पिक्सेल उंचीची जाहिरात नंतर घुसली. हललेला भाग ४९० पिक्सेलचा, म्हणजे स्क्रीनचा ०.७७. सरकलेलं अंतर २५० भागिले ६४०, म्हणजे ०.३९. गुणाकार ०.३०, हाच सीएलएस. एका जाहिरातीत पान थेट लाल रंगात, म्हणजे 'वाईट'मध्ये!

उपाय एका ओळीचा आहे. जाहिरातीभोवतीच्या डिव्हला (पानाच्या कोडमधल्या चौकटीला) सीएसएसमध्ये, म्हणजे मांडणीच्या कोडमध्ये, 'मिन-हाइट' (किमान उंची) २५० पिक्सेल द्या, म्हणजे जागा आधीच राखलेली राहते. जाहिरात आली नाही तर रिकामी चौकट दिसते म्हणून लोक ती मिटवून टाकतात. मिटवली की मजकूर वर उडी मारतो, पुन्हा तोच गुन्हा. रिकामी राहू द्या. पहिली जाहिरात दोन-तीन परिच्छेदांनंतर टाकली तर आणखी बरं, कारण स्क्रीनबाहेर झालेली हालचाल या मोजणीत धरली जात नाही. ऑटो अ‍ॅड्स, म्हणजे गूगल आपोआप टाकतं त्या जाहिराती, मात्र जागा स्वतःच शोधतात, तिथे तुमची राखीव जागा कामाची नाही. मजकुरातल्या ऑटो जाहिराती बंद करून युनिट हाताने लावणं, हाच शहाणपणा.

तरीही हे सगळं सुधारून पातळ लेख वर येणार नाही. मजकूर बरोबरीचा असेल तेव्हाच याचं वजन जाणवतं. पैसे घेऊन दिलेली लिंक हे प्रकरण जास्त गंभीर. तिच्या कोडमधल्या 'रेल' (rel) या खुणेत 'स्पॉन्सर्ड' लिहिलं नाही तर ती लिंकची विक्री ठरते, आणि त्यावर गूगलच्या माणसांनी तपासून दिलेली शिक्षा, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन येऊ शकते. 'स्पॉन्सर्ड' २०१९ मध्ये आलं. जुना 'नोफॉलो'ही चालतो.

दुरुस्ती केल्यावर दुसऱ्या दिवशी सर्च कन्सोल (साइटमालकांना सर्चमधली कामगिरी दाखवणारं गूगलचं साधन) उघडून हिरमुसू नका. तिथले आकडे खऱ्या वाचकांच्या मागच्या २८ दिवसांचे असतात, त्यामुळे जुन्या उड्या त्यातून बाहेर पडायला तेवढे दिवस जातात. तोवर पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या पान-चाचणीत प्रयोगशाळेतला (त्याच वेळी पान उघडून मोजलेला) आकडा पाहा, तो लगेच बदलतो.